सहामाहीची यादी

२०२४ ची बकरी ईद १७ जूनला झाली. तिच्यानंतरच्या रविवारी आम्ही चार-पाच मित्र मिरजेत एकाच्या घरी जमलो होतो. जेवणे झाली, पान-सुपारी झाली आणि बोलणे गाण्यावर आले. गाण्यावर आले की आमच्यात भांडण ठरलेले. एकाचे म्हणणे असे की अल्बम नावाची वस्तू आता उरलेलीच नाही. सुटे गाणे निघते, आठवडाभर मोबाइलवर वाजते आणि मरते. दुसऱ्याचे म्हणणे, अल्बम निघतात, पुरता अल्बम ऐकणारे उरले नाहीत. शेवटी वाद मिटवायला एक उपाय काढला. जानेवारीपासून जूनपर्यंत निघालेले अल्बम जमतील तेवढे ऐकायचे, एकही गाणे पुढे न ढकलता ऐकायचे, आणि वहीत गुण मांडायचे. शाळेतल्या सहामाही परीक्षेसारखे. पुढचे दोन आठवडे हा उद्योग चालला. ती वही आज पुन्हा समोर घेतली आहे. तेव्हा दिलेले काही गुण आज आम्हाला पटत नाहीत. ज्याला आम्ही नाक मुरडत काठावर पास केले होते, तो अल्बम आमच्या घरात अजून वाजतो आहे. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्याच्यासाठी; पण क्रमाने जाऊ.

पुरते ऐकण्याची अट आमच्या वयाच्या माणसांना जड जात नाही. आम्हाला कॅसेटने शिस्त लावली होती. मधले गाणे टाळायचे तर बटण दाबून अंदाजाने फीत पळवावी लागे, आणि अंदाज चुकला की गाण्याच्या मध्यावर जाऊन पडायचे. त्यापेक्षा ते नावडते गाणे ऐकून घेतलेले बरे. मीरासाहेबांच्या उरुसात कॅसेटवाल्यांच्या गाड्या लागत. साबरी बंधू, अझीझ नाझाँ, जानी बाबू, युसूफ आझाद सगळे एकाच वेळी एकमेकांवर गात असत. त्या गोंधळातून आमचे अब्बा एकच कॅसेट निवडून आणत आणि ती पुढच्या उरुसापर्यंत पुरवत. नावडती गाणी अशी वर्षभर ऐकून ऐकून आवडती होत, हा अनुभव अनेकांचा असेल. मोबाइलने ही सोय काढून घेतली. नावडत्याला दुसरी संधी मिळत नाही. आमच्या यादीतल्या चुकांचे कारण बहुधा हेच आहे.

वहीचे पहिले पान अल्बमचे नाही, मय्यतीचे आहे. ९ जानेवारीला कोलकात्यात उस्ताद राशिद खाँ गेले, वय अवघे ५५. १३ जानेवारीला पुण्यात डॉ. प्रभा अत्रे गेल्या. २६ फेब्रुवारीला मुंबईत पंकज उधास. प्रभाताई सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या, म्हणजे आमच्या मिरजेत दफन झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरातल्या गायकीच्या वारस. पंकज उधासांच्या गझलेला नाके मुरडणारे आमच्यातही होते. पण उर्दूचा गंधही नसलेल्या मराठी घरांत गझल हा शब्द त्यांनी नेला, हे त्या दिवशी सगळ्यांनी कबूल केले. गुण द्यायला बसलेल्या माणसांचा हात त्यामुळे सुरुवातीलाच जरा जड झाला होता.

पहिला नंबर आम्ही 'हीरामंडी'ला दिला. संजय लीला भन्साळी यांची ही मालिका १ मे रोजी नेटफ्लिक्सवर आली. संगीतही त्यांचेच, गाणी नऊ. दहापैकी नऊ गुण. आज लाज वाटते असे म्हणणार नाही, कारण त्यात आवडण्यासारखे पुष्कळ होते. बर्णाली चट्टोपाध्याय यांनी गायलेले 'सैयाँ हटो जाओ' आणि 'फूल गेंदवा न मारो', मधुबंती बागची यांचे 'नजरिया की मारी', ही ठुमरी-दादऱ्याच्या तालमीतल्या गळ्यांची गाणी आहेत. एरवी असे गळे एखाद्या संगीतसभेत शे-दोनशे माणसांपुढे गातात. इथे ते लाखो घरांत गेले. ज्या घरांत 'ठुमरी' म्हटले की चॅनेल बदलत, तिथे पोरी हे दादरे गुणगुणू लागल्या. हे काम लहान नव्हे.

पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकताना काहीतरी टोचू लागले. ठुमरीचा जीव बोल-बनावात असतो. एकच ओळ गायिका समोर बसलेल्या माणसाकडे पाहून दहा तऱ्हांनी वळवते. कधी लाडाने, कधी तक्रारीने, कधी टोमण्याने. त्यासाठी गाण्यात मोकळी जागा लागते, थोडा अव्यवस्थितपणा लागतो. 'हीरामंडी'त एकही जागा मोकळी नाही. गायिका श्वास घेते तिथे व्हायोलिनचा ताफा येऊन उभा राहतो. हरकत कुठे येणार हे गायिकेच्या आधी वाद्यवृंदाला माहीत असते. सगळी गाणी एकाच झुंबराखाली, एकाच गालिच्यावर बसून गायल्यासारखी. आणि 'सकल बन' घ्या. अमीर खुसरोंच्या नावे चालत आलेला हा बोल. पडद्यावर पिवळ्या पोशाखातल्या स्त्रिया नाचतात आणि गाणे येते राजा हसन यांच्या आवाजात. राजा हसन गायले उत्तमच आहेत, प्रश्न त्यांचा नाही. तवायफांच्या कोठ्यावरचे सगळ्यात गाजलेले गाणे पुरुषाच्या गळ्यातून यावे, याचे त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही नवल वाटले नव्हते, प्रश्न त्याचा आहे.

मालिकेतल्या आलमजेबला शायरा व्हायचे आहे, हे खरे. पण गाणी नुसती ऐकली, चित्र न पाहता ऐकली, तर तवायफ नाचते, रुसते, झुरते, शेवटी देशासाठी उभी राहते, एवढे कळते. ती लिहीत होती, हे कळत नाही. आपल्याकडे या स्त्रियांबद्दल दोनच रीती चालत आल्या आहेत. एक तर त्यांना दागिन्यांनी मढवायचे, नाहीतर नाव बदलून घरात घ्यायचे. अख्तरीबाई फैजाबादी बेगम अख्तर झाल्या, तेव्हा कुठे भल्या घरांत त्यांच्या तबकड्यांना बसायला जागा मिळाली. आमच्या दादीला त्यांचा आवाज पाठ होता, पण पाहुणे आले की तबकडी थांबे.

आता त्या काठावर पास झालेल्या अल्बमकडे येतो. अरूज आफताब यांचा 'नाइट रेन', म्हणजे रात्रीची सत्ता. तो ३१ मे रोजी निघाला. अरूज जन्मल्या रियाधमध्ये, वाढल्या लाहोरात, शिकल्या बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात आणि राहतात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. २०२१ च्या त्यांच्या 'व्हल्चर प्रिन्स' या अल्बममध्ये धाकट्या भावाच्या मृत्यूचे दुःख होते. त्यातल्या 'मोहब्बत'ला, म्हणजे हफीज होशियारपुरींच्या गझलेला, २०२२ साली ग्रॅमी मिळाले. पाकिस्तानी कलावंताला मिळालेले ते पहिले ग्रॅमी. हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या रविवारी आम्हाला एवढेच माहीत होते की भाची कॉलेजातून आली, मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "मामू, तुमच्या यादीत सगळी म्हातारी गाणी आहेत. हे ऐका."

ऐकले. हार्मोनियम-तबल्याची नेहमीची बैठक नाही. गिटार, बास, पियानो, वीणेसारखी मोठी हार्प. आवाज खालच्या पट्टीतला, बाईचा म्हणून आपण अपेक्षा करतो त्यापेक्षा बराच खाली. शब्द अर्धे श्वासात विरघळलेले. एक गाणे इंग्रजी, मद्यावर. एक जुने जाझ गाणे, 'ऑटम लीव्ह्ज'. 'रात की रानी'त तर आवाज यंत्रातून वाकवून काढलेला. आमच्यातल्या एका बुजुर्गांनी निकाल दिला, "ही गझल नाही, गझलेची सावली आहे." सहा गुण. त्यातला एक भाचीला वाईट वाटू नये म्हणून.

मग भाचीने विचारले, "यातल्या 'ना गुल'ची शायरा कोण, ठाऊक आहे?" ठाऊक नव्हते. ॲपवर गाण्याखाली गायिकेचे नाव ठळक येते, शब्द कुणाचे ते हुडकावे लागते. तिने हुडकले होते. 'ना गुल' आणि 'साकी' या दोन्ही गाण्यांचे शब्द मह लका बाई चंदा हिचे. आणि ही मह लका बाई १७६८ साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मलेली.

आम्ही सगळे गप्प झालो. आमच्यातले दोघे औरंगाबादेत शिकलेले. सिराज औरंगाबादी आम्हाला माहीत. तेही खरे सांगायचे तर आबिदा परवीन यांनी त्यांची गझल गायली म्हणून. पण त्याच शहरातून हैदराबादला गेलेली, दुसऱ्या निजामाच्या, निजाम अली खानाच्या दरबारात मानाने बसणारी, तिरंदाजी जाणणारी, मर्दानी वेषात निजामाबरोबर लढाईवर गेलेली ही तवायफ आम्हाला न्यूयॉर्कच्या गायिकेकडून कळावी? तिच्या दिवाणात १२५ गझला आहेत, पाच-पाच शेरांच्या. १७९९ साली तिने त्या दिवाणाची एक प्रत जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली, ती विलायतेच्या ग्रंथसंग्रहात राहिली. दिवाण छापून यायला तिच्या मृत्यूचे साल, १८२४, उजाडावे लागले. उर्दूत दिवाण असलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव फार काळ घेतले गेले. पुढे लुत्फुन्निसा इम्तियाजच्या दिवाणाचे त्याआधीचे हस्तलिखित पुढे आले, म्हणून तो मान आता वादाचा आहे. मान कुणाचाही असो, दोन्ही बाया दख्खनच्या वर्तुळातल्या. हैदराबादेत मौला अलीच्या डोंगराच्या पायथ्याशी मह लकाने आईसाठी मकबरा बांधला आणि स्वतःही तिथेच विसावली.

या माहितीने गाण्याचे गुण वाढावेत का? वाढू नयेत, असे आमचे तेव्हाचे मत होते आणि आजही आहे. शायरा आपल्या गावची निघाली म्हणून गाणे चांगले होत नाही. पण माहितीने एक झाले, आम्ही गाणे पुन्हा ऐकले. कॅसेटच्या काळात सक्तीने मिळत असे ती दुसरी संधी या गाण्याला अशी आडवाटेने मिळाली. आणि पुन्हा ऐकताना ज्या गोष्टींचे गुण कापले होते त्यांचाच अर्थ लागू लागला.

तबला नाही, याचा अर्थ असा की शेर कुठे संपला हे सांगणारी थाप नाही. मैफलीत मिसरा पुरा होतो, काफिया येतो, रदीफ पडते, सम येते आणि दाद उसळते. ऐकणाऱ्याला आधार असतो. अरूज यांनी तो आधार काढून घेतला आहे. रदीफ येते, पण तिच्यामागे टाळी येत नाही, शांतता येते. त्या शांततेत आपण एकटे उरतो. पहिल्यांदा हे गायिकेला जमले नाही असे वाटते. चौथ्यांदा कळते की ही गझल मुशायऱ्याची नव्हे, रात्री उशिरा एकट्या माणसाने स्वतःशी म्हणायची आहे. दरबारात सगळ्यांपुढे बसून लिहिणारी स्त्री घरी परतल्यावर हेच शब्द कशी पुटपुटत असेल, ते इथे ऐकू येते. खालच्या पट्टीचेही तसेच. हिंदी सिनेमाने साठ-सत्तर वर्षे स्त्रीच्या आवाजाची एकच उंच, किशोरवयीन पट्टी आपल्या कानांत बसवली. बेगम अख्तरांचा फाटणारा आवाज, मलिका पुखराजचा जाडसर आवाज त्या आधीचा. अरूज त्या रांगेतल्या.

'साकी'त विजय अय्यर यांचा पियानो आहे. या दोघांनी शहजाद इस्माइली यांच्याबरोबर २०२३ साली 'लव्ह इन एक्झाइल' हा अल्बम केला होता. त्याची गाणी फार लांब होती आणि आमच्या सहनशक्तीबाहेरची होती, हे कबूल करतो. इथे तोच पियानो आटोपशीर आहे. गायिकेने सोडलेल्या जागी तो दोन-चार स्वर ठेवतो आणि मागे सरतो. 'हीरामंडी'च्या व्हायोलिनांनी हेच शिकायला हवे होते.

दोष आहेतच. उच्चारांकडे दुर्लक्ष आहे. हे शब्द आधी माहीत नसतील तर निम्मे हातून जातात. ज्या शायरेला दोनशे वर्षांनी आवाज मिळाला तिचे शब्दच ऐकू न यावेत, हे खटकते. 'रात की रानी'तले यंत्र आम्हाला अजून मानवलेले नाही. 'ऑटम लीव्ह्ज' सुंदर आहे, पण त्याच्या शेजारी मह लका का बसली आहे याचे उत्तर अल्बम देत नाही. नुसत्या रात्रीच्या धाग्यावर नऊ गाणी ओवता येतात, असे मानून तो पुढे जातो. दिवाणातही गझला रदीफच्या शेवटच्या अक्षराने लावतात, अर्थाने नव्हे, असा बचाव भाचीने केला. बचाव हुशार होता. पटला नाही. गुण आम्ही सहाचे आठ केले.

इम्तियाज अली यांच्या 'अमर सिंह चमकीला'ची गाणी एप्रिलमध्ये चित्रपटाबरोबर घरोघर गेली. संगीत ए. आर. रहमान, गीते इर्शाद कामिल. चमकीला म्हणजे लुधियानाच्या कापड कारखान्यात राबलेला दलित मुलगा धनीराम. तुंबी घेऊन खेड्यापाड्यांच्या आखाड्यांत गायला, त्याच्या कॅसेट दिवसरात्र विकल्या गेल्या, आणि ८ मार्च १९८८ रोजी मेहसमपूरला गाण्याच्या कार्यक्रमाला उतरताच त्याला आणि त्याची जोडीदारीण अमरजोत हिला गोळ्या घालण्यात आल्या. गाणी अश्लील, हा त्याच्यावरचा आरोप. इर्शाद कामिल पंजाबातल्या मलेरकोटल्याचे. त्यांनी या आरोपाला उत्तर देण्याचा सरळ मार्ग टाळला. 'नरम कालजा'मध्ये गावच्या बायकाच आपल्या मनातले उघड सांगतात; अलका याज्ञिक आणि ऋचा शर्मा यांचे परिपक्व गळे इतक्या बेधडक शब्दांना मिळालेले आम्ही फार दिवसांनी ऐकले. 'विदा करो' तेव्हा आम्हाला फार गोड वाटले. आज वाटते, अरिजित सिंग यांच्या आवाजाने चमकीलाला थोडे अधिकच सोवळे केले. जो माणूस सोवळा नव्हता म्हणून मारला गेला, त्याला निरोप देताना त्याचा खरखरीतपणा तरी ठेवायला हवा होता. तरी आठ गुण, आणि ते कायम.

चमकीला ऐकताना आम्हाला सगनभाऊ आठवले. उत्तर पेशवाईतले हे लावणीकार मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. त्यांच्या शृंगारिक लावण्या मराठीने डोक्यावर घेतल्या, आणि शाहिरांच्या इतिहासात त्यांचे नाव होनाजी, परशराम यांच्या रांगेत आहे. पण मराठी मुसलमान म्हणून आपण स्वतःची ओळख सांगतो तेव्हा शेख महंमद येतात, शाहीर अमर शेख येतात. सगनभाऊंचे नाव घेताना आपण जरा अडखळतो. बेगम अख्तरांची तबकडी थांबवणारी दादी आपल्या सगळ्यांत थोडी थोडी उरलेली आहे.

या अडखळण्यावरून त्या दिवशी खरे भांडण झाले. आमच्यातला एक दोस्त गाणे ऐकत नाही, म्हणजे ऐकू नये असे मानतो. तो जेवायला येतो, गाणे सुरू झाले की नमाजला उठतो आणि परत येऊन चहा पितो. त्याच्या मताला आमच्या दीनमध्ये आधार नाही असे म्हणण्याची आमची लायकी नाही, आणि समा ऐकणाऱ्या चिश्ती बुजुर्गांना आधार नव्हता असे म्हणायची त्याची. त्याला आम्ही त्या दिवशी मदू मोक्तार यांची गोष्ट सांगितली, गाणे न लावता. नायजरच्या वाळवंटी भागातला हा तुआरेग मुसलमान. घर धार्मिक, विजेवर वाजणाऱ्या गिटारीला विरोध. पोराने लाकूड मिळवून स्वतः गिटार केली आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा काढून तिला चढवल्या. त्याची गाणी वाळवंटात पसरली ती एका मोबाइलच्या कार्डातून दुसऱ्यात. ३ मे रोजी त्याचा 'फ्यूनरल फॉर जस्टिस', न्यायाची अंत्ययात्रा, हा अल्बम आला. आफ्रिकेच्या सत्ताधाऱ्यांना आणि फ्रान्सला त्यात तोंडावर जाब विचारला आहे. गिटार इतकी वेगाने धावते की आमच्या बुजुर्गांनी आवाज कमी करायला लावला. 'इमूहार' हे गाणे मात्र सगळ्यांनी दोनदा ऐकले. आपली तमाशेक भाषा मरू देऊ नका, असे ते आपल्या लोकांना बजावते. २०२३ च्या जुलैत नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा ही मंडळी अमेरिकेत दौऱ्यावर होती आणि घरी परतणे बंद झाले. तिथेच अडकलेले असताना त्यांनी हीच गाणी विजेशिवाय, साध्या गिटारींवर पुन्हा केली. ती २०२५ च्या फेब्रुवारीत 'टिअर्स ऑफ इनजस्टिस' नावाने निघाली. आम्हाला दुसरा अल्बम जास्त आवडतो. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात रागानंतर घराची आठवण येते ते आहे. गोष्ट ऐकून दोस्त एवढेच म्हणाला, "ब्रेकच्या तारा काढल्यावर सायकल कशी थांबवली?"

सेंट लेव्हंट यांच्या 'देइरा'बद्दल थोडक्यात. ७ जूनला आलेल्या या अल्बमचे नाव गझ्झातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलवरून आहे. ते त्यांच्या वडिलांनी उभारले, लहानपणी ते तिथे राहिले, आणि युद्धात ते उद्ध्वस्त झाले. गाणी बरीचशी नाचाची, प्रेमाची, तीन भाषांतली. आम्ही शोकगीतांची अपेक्षा धरून बसलो होतो म्हणून निराश झालो आणि पाच गुण दिले. दुसऱ्याच्या दुःखाने कसे रडावे हे आपण ठरवू लागलो होतो, त्याची ही खूण. गुण आज बदलत नाही, कारण निम्मी गाणी खरोखरच सामान्य आहेत. मात्र शीर्षकगीत आम्ही यादीच्या बाहेर काढून वेगळे ठेवले आहे.

वहीत एक नोंद भाचीच्या अक्षरात आहे, नंतर पेन्सिलीने जोडलेली. नुसरत फतेह अली खाँ यांचा 'चेन ऑफ लाइट' सहामाहीच्या बाहेरचा, २० सप्टेंबर २०२४ चा. १९९० साली इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या चार कव्वाल्या तिथल्याच साठ्यात पडून राहिल्या आणि खाँसाहेबांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी बाहेर आल्या. त्यातली 'या गौस या मीराँ' आधी कुणी ऐकलेली नव्हती. नुसरत तेव्हा चाळिशीतले, आवाज भर ज्वानीत. आधुनिक वाद्यांची कसलीही जोड नाही. पार्टी, पेटी, तबला, टाळ्या. हिला गुण कोण देणार, म्हणून रकाना मोकळा आहे. नमाजला उठणारा दोस्त हे चालू असताना दारातच थोडा थांबला होता, हे मात्र नोंदवून ठेवतो.

दुसरा मोकळा रकाना मराठीचा आहे, आणि तो आदराने सोडलेला नाही. वहीत आम्ही 'मराठी' असे लिहून पाच ओळी राखल्या होत्या. १ मे रोजी सुधीर फडके यांच्यावरचा चित्रपट आला, त्यात बाबूजींची जुनी गाणी होती. जुनी म्हणून ती यादीत बसेनात. चित्रपटांची गाणी निघाली, यूट्यूबवर सुटी गाणी निघाली. पण आम्ही जो अल्बम शोधत होतो तो वेगळा. घरात दखनी, शाळेत मराठी, मशिदीत अरबी आणि गाण्यात उर्दू, असे जगणाऱ्या आपल्या लोकांचा मराठी अल्बम. दूधगावचे इलाही जमादार ३१ जानेवारी २०२१ रोजी गेले. मराठी गझलेत त्यांनी केवढे काम करून ठेवले आहे, आणि भीमराव पांचाळे यांनी त्यांच्या गझला गावोगाव पोचवल्या. त्यांच्यानंतरच्या आपल्या मुलामुलींनी, आजच्या वाद्यांवर, आजच्या आवाजात इलाहींना हात घातलेला आम्हाला त्या सहामाहीत ऐकायला मिळाला नाही. ब्रुकलिनमध्ये बसून मह लका गाता येते, मग सांगलीत बसून इलाही का नाही? पैसा नाही, स्टुडिओ नाही, ही उत्तरे आम्हाला मान्य नाहीत. ब्रेकच्या तारांची गोष्ट आताच सांगून झाली.

वाद्यांची तर आमच्याकडे कमतरताच नाही. त्याच २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना मागणी घटली तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांचे हात तलवारीकडून तारेकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आजही इथे येऊन वाळतात, कापले जातात, आणि जवारी लावून पुण्या-मुंबईला, परदेशात जातात. देशभरच्या मैफलींत गायकाच्या मागे जो षड्ज चालू असतो, तो पुष्कळदा मिरजेचा असतो.

यादी पुरी झाल्यावर भाचीला घेऊन आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. तिला तंबोरा हवा होता, परवडला नसता, पण बघायला काय जाते. चाचांनी बाईच्या पट्टीचा एक लहान तंबोरा तिच्या मांडीवर दिला. तिने 'ना गुल' गुणगुणायला घेतले आणि पहिल्याच ओळीला थांबली.

"चाचा, हा चढा आहे. मला खालचा पाहिजे."

"बेटी, खालचा पुरुषांचा."

"तोच द्या."

चाचांनी आमच्याकडे पाहिले. मग उठून मागच्या भिंतीला टेकलेला मोठ्या भोपळ्याचा तंबोरा काढला, फडक्याने पुसला आणि खुंट्या पिळत बसले.